दीर म्हणतात, आमच्या टॅक्सवर तुमची पोरगी शिकणार

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय, नाव गाव काढलंय):

"ताई नमस्कार. आम्ही हिंगोली जिल्ह्यातले, तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन अन तूर. मोठी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला चांगले मार्क पडले आणि पुण्याच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॅप राउंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) कॉम्प्युटरला नंबर लागला. आम्ही ओबीसी, जातीची व्हॅलिडिटी (पडताळणी) आहे, उत्पन्नाचा दाखला १ लाख ६० हजारचा आहे. कॉलेजात गेलो तर खिडकीवर सांगितलं १ लाख ४२ हजार आत्ता भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. होस्टेल मेस वेगळं, ९५ हजार. मालक म्हणतात अर्धा एकर काढून टाकू नाहीतर पोरीला तालुक्याला बीएस्सीला घालू. बँकेचं म्हणावं तर पीककर्ज दोन वर्षांपासून थकलंय, माफी होईल म्हणून भरलं नाही. माझे दीर पुण्यात आयटीत आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले वहिनी, तुम्हाला लाडकी बहीणचे दीड हजार, पोरीची फी माफ, सगळं आमच्या टॅक्सवर चाललंय, आणि माझ्या मुलीची चार लाख फी मी माझ्या खिशातून भरतोय. ते स्वतः सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेत. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. पोरीनं पण ऐकलं, ती म्हणते आई मी बीएस्सीच करते. चार दिवसांत रिपोर्टिंग आहे. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र काल रात्री वाचलं आणि आज सकाळी बाकी सगळं बाजूला ठेवून लिहायला बसलेय, कारण चार दिवस म्हणजे काहीच नाही. दिरांच्या बोलण्याबद्दल मला खूप काही बोलायचंय पण ते नंतर, आधी खिडकीवरचे एक लाख बेचाळीस हजार.

मी अठरा वर्षं एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेय, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे, "आत्ता भरा, आली की परत देऊ." आमच्याकडेही वरून तसंच सांगितलेलं असायचं आणि मी समोरच्या बापाला तेच सांगायचे, आणि तो माणूस पिशवीत बांधून आणलेल्या नोटा मोजायचा. ते अजून डोळ्यासमोर येतं. म्हणून स्पष्ट सांगते, ते पूर्ण पैसे भरू नका. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा जीआर निघालाय, २०२४-२५ पासून लागू आहे, ज्या मुलीच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे आणि जी ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मध्ये आहे आणि जिचा प्रवेश कॅपमधून झालाय तिची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के सरकार भरतं, आधी हे ५० टक्के होतं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजलाही लागू आहे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला घेतलेल्या प्रवेशाला मात्र लागू नाही, अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना पण नाही, म्हणून कुणी एजंट भेटला आणि म्हणाला की कॅपची सीट सोडा मी याच्यापेक्षा भारी कॉलेज बघून देतो तर त्याच्या नादाला लागू नका, ती सीट सोडली की माफी पण गेली. आणि पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी ही फी मागायची नाही हे सरकारने कॉलेजांना एकदा नाही अनेकदा सांगितलंय.

आता खिडकीवर काय बोलायचं. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. म्हणायचं, साहेब मला फीची फोड लिहून द्या, ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, बाकी किती. तुम्ही पत्राच्या मागे जे आकडे लिहिलेत त्यावरून ट्यूशन १ लाख १६ हजार दिसतेय, डेव्हलपमेंट १४ हजार आणि १२ हजार "इतर". ट्यूशन माफीत बसते. डेव्हलपमेंट फी बसत नाही, ती तुम्हाला भरावी लागेल, हे आधीच सांगते नाहीतर नंतर वाटेल फसवलं. आणि ते "इतर" म्हणजे काय हे एकेक करून विचारायचं, लायब्ररी डिपॉझिट असेल तर ते परत मिळतं त्याची पावती वेगळी घ्या, युनिव्हर्सिटीची फी असेल तर ती द्यावीच लागते, पण "युनिफॉर्म, किट, ट्रेनिंग" असलं काही असेल तर ते कंपल्सरी आहे का हे लेखी मागा. प्रत्येक खाजगी प्रोफेशनल कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, २०१५ च्या कायद्याने, आणि कॉलेजवार मंजूर फी त्यांच्या वेबसाइटवर असते, मुलीला म्हणावं मोबाईलवर उघडून स्क्रीनशॉट काढून ठेव. मंजूर फीपेक्षा जास्त घेता येत नाही. तरी अडून बसले तर म्हणायचं ठीक आहे, पूर्ण फी भरल्याशिवाय प्रवेश देणार नाही असं लेटरहेडवर लिहून द्या, मी तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालकांकडे घेऊन जाते. खिडकीच्या आत बसलेल्या बाईचा अनुभव सांगते, असं कुणी लेखी मागितलं की आम्ही आत जाऊन साहेबांना विचारून यायचो आणि बहुतेक वेळा काम व्हायचं. हमीपत्र मागितलं तर द्या, की स्कॉलरशिपचा अर्ज करू आणि फीचे पैसे मुलीच्या खात्यात आले तर कॉलेजला भरू. कोरा चेक मात्र देऊ नका.

कागद: जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर (प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं, तारीख आत्ताच बघा), तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, रेशनकार्ड, दहावी बारावीचे मार्कमेमो, कॅपचं अलॉटमेंट लेटर. आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नुसतं आधार बँकेत दिलंय एवढ्यावर भागत नाही, बँकेत जाऊन विचारा की डीबीटीसाठी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला आधार सीडिंग (जोडणी) झालंय का, कारण माझ्या खिडकीवर जेवढे अर्ज अडकले त्यातले कितीतरी याच एका कारणाने अडकले. महाडीबीटीचा (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म कॅफेवाल्याकडून भरू नका, पोरगी कॉम्प्युटरला चाललीय, तिला स्वतः भरू दे. आणि हा फॉर्म दर वर्षी परत भरावा लागतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे चार वर्षांचं झालं असं समजून पोरं बसतात आणि दुसऱ्या वर्षी फीचं पत्र घरी येतं.

हे झालं फीचं. पण ताई, फी माफ म्हणजे शिक्षण फुकट असं नाही, आणि इथेच तुमच्यासारखी घरं मोडतात. पेपरात मोठ्या अक्षरात येतं मुलींना मोफत उच्च शिक्षण, आणि मग पुण्यात राहायचं खायचं कुणी द्यायचं हे कुणी छापत नाही. मुलीचा खरा खर्च होस्टेल आणि मेस आहे. त्यासाठी दोन गोष्टी करा. एक, ओबीसी मुलींचं सरकारी वसतिगृह, त्याला अर्ज टाका. नंबर लागला तर प्रश्नच मिटला. नाही लागला तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या बाहेरगावी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख म्हणजे तुम्ही बसता, आणि पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात, जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि निर्वाह ८ हजार अशी त्याची फोड आहे. पण जागा मोजक्या असतात, एका जिल्ह्याला ६०० अशी ती योजना सुरू झाली, बारावीचे मार्क बघून यादी लागते, आणि पैसे उशिरा येतात. किती उशिरा ते मी सांगू शकत नाही पण गणपतीला लागणारे पैसे होळीला आले असं मी पाहिलंय. म्हणून ते पैसे हिशोबात धरा पण पहिल्या सहा महिन्यांत धरू नका.

एक कागद घ्या आणि हे मांडा. कॉलेजला डेव्हलपमेंट वगैरे धरून वीस हजार. होस्टेल मेस ९५ हजार. पुस्तकं, येणंजाणं, औषधपाणी, मोबाईल, वीस हजार. म्हणजे वर्षाला १ लाख ३५ हजार. आधार योजनेचे ६० आले तर खड्डा राहतो ७५ हजारांचा, चार वर्षांत तीन लाख. नाही आले तर पाच लाख चाळीस हजार. कॉलेजचं होस्टेल दुसऱ्या वर्षापासून सोडता येतं, पुण्यात मुली तिघी चौघी मिळून कॉट बेसिसवर राहतात आणि डबा लावतात, त्यात बरेच वाचतात, पण पहिलं वर्ष होस्टेललाच ठेवा, गावाकडून पहिल्यांदा आलेल्या पोरीला पहिल्या वर्षी शहर कळायलाच वेळ लागतो.

आता सांगा, या खड्ड्यासाठी जमीन विकायची? माझं उत्तर नाही. अर्धा एकर म्हणजे तुमच्या तीन एकरातला सहावा हिस्सा, तो परत येत नाही, आणि चार दिवसांत विकायला निघालेल्या माणसाला गावात भाव कोण देतं. कर्मवीर अण्णांच्या म्हणजे भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्र विकलं ही गोष्ट मी कमवा आणि शिका मध्ये असताना शंभरदा ऐकली, ऐकताना दर वेळी डोळ्यात पाणी यायचं, आणि आजही येतं. पण तेव्हा त्या पोरांच्या मागे कुठलंच सरकार उभं नव्हतं. आज कागदावर का होईना पण सरकार उभं आहे, तर आधी त्याच्याकडून जे आहे ते सगळं वसूल करा, आणि मग उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढा, जमिनीला सगळ्यात शेवटी हात लावा.

कर्जाचं नीट ऐका. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्सा पण भरावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंतही तारणाशिवाय मिळू शकतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कोर्स तांत्रिक असेल आणि कॉलेज नॅक किंवा एनबीएचं मानांकन असलेलं असेल तर शिक्षण चालू असताना आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी म्हणून नवीन योजना मंजूर झाली, तिच्यात यादीतल्या नावाजलेल्या संस्थांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना व्याजात ३ टक्के सवलत आहे, तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघता येतं. कर्ज मंजूर करून घेताना चारही वर्षांचं पूर्ण मंजूर करून घ्या आणि उचल दर वर्षी गरजेपुरतीच करा, स्कॉलरशिप आली तर त्या वर्षी कमी उचला. तीन लाखांचं कर्ज सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर १० टक्के व्याजाने हप्ता महिन्याला पाच हजारांच्या आसपास येतो. मी लाखांच्या पॅकेजची स्वप्नं दाखवत नाही, अगदी साध्या नोकरीतून सुद्धा हा हप्ता जातो, आणि म्हणूनच तो मला जमिनीपेक्षा बरा वाटतो.

अडचण एकच, आणि ती तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात पण माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. थकलेलं पीककर्ज. शैक्षणिक कर्जात आईबापाला सहकर्जदार व्हावं लागतं, बँक सिबिल (आधीची कर्जं फेडल्याची नोंद) बघते, आणि माफीची वाट बघत थांबलेल्या शेतकऱ्याच्या पोरांचं कर्ज तिथे अडतं. मराठवाड्यातून मला या एका वर्षात किती पत्रं आलीत अशी. इलेक्शनमध्ये माफीचं आश्वासन देतात, शेतकरी भरायचं थांबतो, माफी येते किंवा येत नाही, आणि त्याची किंमत घरातली बारावी झालेली पोरगी मोजते. मालकांना म्हणा सोसायटीत किंवा बँकेत जाऊन कर्ज नवं-जुनं करून घ्या (जुनं भरून नवं उचलायचं), अर्धा एकर विकायची तयारी असणाऱ्या माणसाने त्यापेक्षा थकबाकीचा आकडा विचारून बघावा, खूपदा तो आकडा वाटतो त्यापेक्षा लहान असतो, सोनं ठेवून किंवा नातेवाइकांकडून आठ दिवसांसाठी हातउसने घेऊन भागतो. वेळेवर फेडणाऱ्याला आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, ते पण तुमचं गेली दोन वर्षं बुडतंय. त्यांना घरात एकटं पाडून बोलू नका, त्यांनी काही वेगळं केलं नाही, सगळ्या गावाने तेच केलंय.

तालुक्याच्या बीएस्सीबद्दल थोडक्यात. बीएस्सी वाईट नाही, मी स्वतः बीएस्सीच. पण तिला बीएस्सी हवीय म्हणून ती म्हणत नाहीये ना, ती काकाचं बोलणं ऐकून म्हणतेय. शिवाय तालुक्याच्या कितीतरी कॉलेजांत वर्षानुवर्षं प्राध्यापकांची भरती नाही, तासिका तत्त्वावरचे मास्तर तुटपुंज्या मानधनावर अख्खे विषय ओढताहेत, प्रॅक्टिकलला केमिकल नाही. तिथलं शिक्षण स्वस्त दिसतं ते याच कारणाने.

आता दिरांकडे येते.

ताई, तुम्हाला जेवण जाईना हे वाचून मला राग आला, तुमचा नाही, त्या वाक्याचा. हे वाक्य आता इतक्या घरांत बोललं जातंय, आमच्या टॅक्सवर. एक गोष्ट सांगते, १८८२ मध्ये हंटर कमिशन नावाचा एक शिक्षण आयोग आला होता, त्याच्यासमोर महात्मा जोतिराव फुल्यांनी निवेदन दिलं, आणि त्यात त्यांचं म्हणणंच हे होतं की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गातल्या लोकांच्या उच्च शिक्षणावर, ज्याच्या घामाचा पैसा त्याची पोरं शाळेबाहेर. म्हणजे कुणाच्या पैशावर कोण शिकतं हा प्रश्न आपल्याकडे १८८२ मध्येच विचारला गेलाय आणि तेव्हा उत्तर बरोबर उलटं होतं. तुमचे दीर सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. तिथल्या लॅब, प्रोफेसरांचे पगार, होस्टेलची इमारत त्यांच्या फीमधून नव्हती झाली, बराचसा खर्च सरकारचा होता, आणि त्या सरकारी पैशात तुमच्या सासऱ्यांनी काडेपेटीपासून डिझेलपर्यंत भरलेला कर पण होता. ते शिकले हे चांगलंच झालं. मला फक्त एवढंच म्हणायचंय की तेव्हा त्याला कुणी फुकट म्हणालं नाही.

आणि टॅक्स काय फक्त पुण्यात भरतात का. तुमच्या फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी आहे. मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के. पोरीला लातूर नांदेडला क्लास लावला असेल तर त्या क्लासच्या फीवर १८ टक्के. डिझेलवर राज्याचा व्हॅट वेगळा. पगारातून कापला जात नाही म्हणून तो दिसत नाही एवढंच. दिरांच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा प्रोफेशन टॅक्स कापलेला असेल, तो १९७५ च्या कायद्याने आला, रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना आपल्या राज्यात उभी राहिली, शहरातल्या नोकरदाराने हा कर द्यायचा आणि गावातल्या माणसाला दुष्काळात खडी फोडायचं का होईना पण काम मिळायचं, आणि त्याचंच बघून पुढे २००५ ला अख्ख्या देशात कायदा झाला. महाराष्ट्राने एकेकाळी हे नातं असं समजून घेतलं होतं. मला त्याचा अभिमान आहे.

पण दिरांचं एक दुखणं खरं आहे आणि ते मी झाकणार नाही, चार लाख फी. नोकरदार माणूस, उत्पन्न आठ लाखांच्या वर, म्हणजे कुठलीच योजना नाही, आणि मुलीच्या फीने पगाराचा मोठा हिस्सा जातो. त्यांचा राग खरा आहे, फक्त चुकीच्या घरावर निघाला. फी अशी का वाढली? १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली, कारण सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसे नव्हते आणि आपली पोरं कर्नाटकात डोनेशन देऊन शिकत होती. १९८७ ला कॅपिटेशन फीवर म्हणजे डोनेशनवर बंदीचा कायदा करावा लागला. १९९३ ला सुप्रीम कोर्टाने उन्नीकृष्णन निकालात अर्ध्या सीट फ्री आणि अर्ध्या पेमेंट अशी घडी बसवली, पैसेवाल्याच्या फीमधून गरिबाचं शिक्षण. २००२ च्या टीएमए पै निकालाने ती घडी मोडली, २००५ च्या इनामदार निकालाने खाजगी कॉलेजांवर सरकारी कोटा लादता येणार नाही म्हटलं, नफेखोरी नको, फीवर समितीची नजर राहू दे एवढं राहिलं. मग फी ठरते कॉलेजच्या खर्चाच्या ताळेबंदावरून, प्रत्येक पोराला तीच फी, आणि गरिबाची फी सरकार तिजोरीतून त्या कॉलेजला परत करतं. म्हणजे ताई, तुमच्या मुलीच्या नावावर जी माफी आहे ती शेवटी जाते त्या कॉलेजच्या खात्यात. सरकारने तोच पैसा सरकारी कॉलेजं वाढवण्यात घातला असता तर तुमची पोरगी आणि दिरांची पोरगी दोघी कदाचित एकाच स्वस्त कॉलेजात शिकल्या असत्या. कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, २०२० च्या धोरणात परत तेच ६ टक्के लिहिलं, आणि आपण अजून तिथे पोचलो नाही. दिरांनी यावर बोलावं, मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

दीड हजारांचं पण बोलते, कारण त्याची तुम्हाला लाज वाटतेय. लाडकी बहीणला २०२५-२६ च्या बजेटमध्ये ३६ हजार कोटी होते, आणि मुलींच्या फी माफीचा जास्तीचा भार सरकारने ९०६ कोटी धरला होता, जवळपास चाळिसावा हिस्सा. त्या वर्षी राज्यावर ९ लाख कोटींच्या वर कर्ज, बजेटमध्ये ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे सुमारे ३३५ कोटी लाडकी बहीणकडे वळवल्याच्या बातम्या आल्या आणि सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. हे मला पटलेलं नाही आणि मी स्पष्ट म्हणते, वसतिगृहाच्या पोराच्या ताटातलं काढून आईच्या खात्यात टाकणं ही मदत नाही, ते दोघं एकाच घरातले असतात. बाईच्या हातात स्वतःचे पैसे असणं मला फार मोलाचं वाटतं, खात्यात पहिले पंधराशे आले त्या दिवशी बायका बँकेत कशा उभ्या होत्या ते मी पाहिलंय. पण स्कॉलरशिप वेळेवर आणि पूर्ण येणं त्याच्या इतकंच मोलाचं आहे, आणि या दोन्हीसाठी पैसे कुठून आणायचे हे ठरवायचं काम सरकारचं आहे, तुमचं नाही. तुम्ही नियमात बसता, तुम्ही खोटं लिहिलेलं नाही, तुम्ही घ्या. घेताना मान खाली घालू नका.

दिरांशी नातं तोडू नका. मला वाटतं ते मनाने वाईट नाहीत, हप्त्यांनी पिचलेत. पुण्यात पोरीला एक घर लागेल, रविवारी जेवायला, ताप आला तर. एक फोन करा आणि पैशाचं काहीच न बोलता म्हणा, भाऊजी, पोरगी येतेय, पहिल्या दिवशी तिच्यासोबत कॉलेजच्या खिडकीवर तुम्ही उभे राहाल का, तुम्हाला त्या लोकांशी बोलता येतं, आम्हाला नाही. बघा काय म्हणतात. नाही म्हणाले तर तुम्ही दोघी जा, वर लिहिलंय तसं बोला, जमतं.

आणि पोरीचं. ती आई मी बीएस्सीच करते म्हणाली तेव्हा तुम्ही गप्प बसलात असं पत्रावरून वाटतंय. गप्प बसू नका, आजच्या आज संध्याकाळी भाकरी झाल्या की तिला, मालकांना आणि धाकट्याला पण बसवा आणि तो हिशोबाचा कागद पुढे ठेवा. आकडे तिलाच लिहू द्या, कर्जाचा हप्ता तिलाच काढू द्या, फेडायचाय तिला. थकबाकीचा आकडा मालकांनी सांगावा. होस्टेलचं, आधार योजनेचं, उशिरा येणाऱ्या पैशाचं, सगळं तिच्यासमोर बोला, आणि मग परत एकदा विचारा, तुला कॉम्प्युटर करायचंय का. ती जे म्हणेल ते मला कळवा, आणि नॉन-क्रिमीलेअरची तारीख उठल्या उठल्या बघा.